खोट्या खाणीचं छत

आमच्या घरातून कॉलेजात पहिल्यांदाच आलेल्या माझ्यासारख्याने आठवण लिहायला बसणं हे धाडसच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण लॅबमध्ये कुणी डोळ्यांवर चढवून खोटं जग दाखवणारा व्हीआर हेडसेट स्पिरिटने पुसला, की त्या वासाने मला कन्हानजवळच्या कोळसा खाणीतली प्रशिक्षणाची खोली आठवते. पाय मोडल्यामुळे बाबा सहा महिने घरी होते, आणि हेडसेट घालून द्यायची सुरक्षेची परीक्षा पास झाल्याशिवाय त्यांना पुन्हा खाली उतरू देणार नव्हते. मी सोबत गेलो होतो. हेडसेट चढवताच बाबा वाकून चालू लागले, हेडसेटमध्ये दिसणाऱ्या खाणीच्या छताखाली थांबले आणि हातातला रिमोट त्यांनी वर जोरात ठोकला. खोलीतली खरी ट्यूबलाइट फुटली, काचा त्यांच्या खांद्यावर पडल्या. “काका, काहून ठोकून राहिले तुम्ही? ते छत खोटं आहे ना!” शिकवणारा तरुण हसत म्हणाला. बाबा हसले नाहीत. “खोटं असो का खरं, ठोकून आवाज ऐकल्याशिवाय मी छताखाली उभा नाही राहत गा. पोकळ वाजलं तर छत कोसळते. इथं पोरायले हे शिकवलं नाही, तर खाली मरतीन ना ते.” तरुणाने वहीत काहीतरी लिहिलं आणि निकाल नंतर कळवतो म्हणाला. आज मी स्वतः हेडसेटमध्ये चालणारे असे प्रोग्राम लिहायला शिकतो आणि बाबांचंच बरोबर होतं हे ठामपणे सांगतो, पण तेव्हा मला लाज वाटली होती, आणि ती महिनाभराने हॉस्टेलवर त्यांचा फोन येईपर्यंत टिकली: “पास झालो गा, सोमवारपासून खाली जातो. अन् त्या खोट्या खाणीत आता काठी देऊन राहिले, छत ठोकाले.”