गोपिकाबाई म्हणेपर्यंत

आष्टीत राधाकिसन आचाऱ्याच्या हातची वांग्याची भाजी ज्यानं खाल्ली नाही, तो पाहुणाच समजावा. पण नाव त्याचं आणि राज्य त्याच्या बायकोचं, गोपिकाबाईंचं. नैवेद्याआधी अन्न तोंडाला लावायचं नाही, म्हणून त्या भगोण्यावर वाकून नुसता वास घ्यायच्या. मीठ कमी असलं तर बोटानं मिठाची पिशवी दाखवायच्या. सगळं बरोबर असलं तर एवढंच म्हणायच्या, "वाढा." त्याआधी कुणी पळीला हात लावला, तर राधाकिसनच वाढप्यांवर खेकसायचा. तीस वर्षं हेच चाललं.

मागच्या पौषात गोपिकाबाईंना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. राधाकिसननं भगोणी पालथी घातली आणि आलेलं प्रत्येक लग्न परत पाठवलं. मी शेजारी, समजवायला गेलो की तो बायकोला भरवायला उठायचा. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? असा हात कुणी बसून वाया घालवतं का?

उन्हाळ्यात त्यांची लेक वर्षाराणी पुण्याहून आली. आईचा डावा हात चालता राहावा म्हणून तिनं टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला. पडद्यावर स्वयंपाकघर, त्यात दोन बुटके आचारी. एकानं कांदे-टमाटे चिरायचे, दुसऱ्यानं शिजवून ताट खिडकीत ठेवायचं. उशीर झाला की गिऱ्हाईक निघून जातं. आईला तिनं एका हातात मावेल असा छोटा रिमोट दिला.

गोपिकाबाई दोन दिवसांत भराभर चिरायला लागल्या. घोळ राधाकिसनचा. तो ताटं तयार करायचा, ओट्यावर ओळीनं मांडायचा आणि थांबायचा. गिऱ्हाइकं निघून जायची. सगळी पंगत एकदम वाढायची त्याची सवय, असं आम्हाला वाटलं. "अरे, ही पंगत नव्हे, हॉटेल आहे," मीही शहाणपणा केला. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा थांबला. पाचव्या दिवशी वर्षाराणी चिडली.

"अप्पा, ताट झालं की देत का न्हाई तुम्ही?"

"समजतंय गं मला," तो हळू बोलला. "पण तिनं म्हणल्याबिगर म्या कधी वाढलं न्हाई. आता कोणाला इचारू?"

माझी मान खाली गेली. इतके महिने मी ज्याला आळशी समजत होतो, तो वाट पाहत होता.

पडद्यावर गोपिकाबाईंचा आचारी चिरणं सोडून निघाला. दोनदा ओट्याला धडकला, मग राधाकिसनचं ताट उचलून त्यानं खिडकीत ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. तो डाव आम्ही हरलोच.

आठ दिवसांनी वाटूरचे भुजंगराव मुलीच्या लग्नाचं सांगायला आले. राधाकिसन हो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी त्यानं बायकोला खुर्चीत बसवून चुलीपाशी आणलं. पानं मांडली होती, वाढपी बादल्या घेऊन उभे होते. त्यानं वरणाची वाटी तिच्या नाकाशी धरली. गोपिकाबाईंनी डोळे मिटले, वास घेतला आणि डाव्या हाताचं बोट मिठाच्या पिशवीकडे केलं. राधाकिसनचे डोळे भरून आले. त्यानं भगोण्यात मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, वाटी पुन्हा भरून धरली.

या वेळी त्यांनी त्याच्या मनगटावर अंगठा टेकवला आणि खेळातलं बटण दाबावं तसा दाबला.

तीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द राधाकिसनच्या तोंडून आला.

"वाढा."