खिशातलं ग्लिसरीन

माझ्या ताईला प्रयोगशाळेत सगळे खडीसाखर म्हणत. स्फटिक वाढवणं हे तिचं काम, म्हणून. स्वभाव बघून कुणी हे नाव ठेवलं नसतं.

बावीस वर्षं ती तिथे कंत्राटी तंत्रज्ञ होती. दरवर्षी नवा करार, त्यावर प्रमुखांची, म्हणजे सरांची सही. चिखलात सापडणाऱ्या एका जिवाणूच्या एन्झाइमने सरांना झपाटलं होतं. दोन साखरा, जुळ्या बहिणींसारख्या. हे एन्झाइम त्यातली एकच उचलतं, दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही. ही निवड ते कशी करतं हे कळायला त्याचा आकार दिसायला हवा, आणि आकार दिसायला स्फटिक हवा. काचेच्या चकतीला उलटा लटकवलेला प्रथिनाचा थेंब, आणि त्यात दोन-तीन आठवड्यांनी दिसणारा मिठाच्या कणाएवढा खडा. तो ताईच्याच थेंबात धरायचा. पीएचडी करणाऱ्यांच्या थेंबांत नुसता गाळ. तिचे ट्रे ठेवलेल्या कपाटाचं दार कुणी जोरात लावलं, तर ती दिवसभर त्याच्याशी बोलत नसे.

खडा तयार झाला की तो आधी साखरेच्या पाण्यात भिजवायचा. मग बारीक फासात उचलून ग्लिसरीनमध्ये बुडवायचा, म्हणजे गोठवताना त्यात बर्फ धरत नाही. मग तो क्ष-किरणांच्या यंत्राकडे जायचा. बाविसाव्या वर्षी चित्र सुरेख आलं. एन्झाइमला एक खोलगट खिसा असतो, साखर तिथे बसते. त्या खिशात एक लहानसा गोळा स्पष्ट दिसत होता. सर म्हणाले, हीच आपली साखर, अर्धवट दिसतेय एवढंच. निवडीचं कोडं सुटलं म्हणून लेखही लिहून झाला.

ताईने चित्र पाहिलं आणि सरांना तोंडावर सांगितलं की ही साखर नाही, मी बुडवलेलं ग्लिसरीन आहे. सर हसले. खडे वाढवणं तुमचं काम, अर्थ लावणं आमचं, असं म्हणाले.

करार संपायला दोन महिने होते. मी पडले कारकून. वरच्यांच्या सहीपुढे मान तुकवण्यात माझा जन्म गेला. मी तिला सरळ म्हणाले, "गप्प बस. बावन्नाव्या वर्षी तुला कोण कामावर घेणार आहे?"

"त्या गोळ्यावर विश्वास ठेवून उद्या माणसं त्या खिशात बसणारी औषधं बेततील," ती म्हणाली. "ग्लिसरीनच्या मापाची. आणि त्यातला खडा माझ्या हातचा."

मला तिचा भयंकर राग आला. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. त्या दोन दिवसांत तिने जे करायचं ते करून टाकलं. साखरेचं तोंडही न पाहिलेला एक खडा तिने नुसता ग्लिसरीनमध्ये बुडवला आणि कुणालाही न विचारता पुढच्या खेपेत यंत्राकडे रवाना केला.

शुक्रवारच्या बैठकीत तिने दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. दुसऱ्या चित्रातल्या खिशातही तोच गोळा, त्याच जागी. पीएचडीवाले आपापल्या वह्यांत डोकं खुपसून बसले.

"मग साखर नेमकी बसते कशी?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही," ताई म्हणाली. "लेखात तसंच लिहा."

लेख थांबला. सरांना तो थांबवावाच लागला, कारण ते चित्र आता सगळ्यांनी पाहिलं होतं. पण पंधरा दिवसांनी कराराऐवजी घरी एक पत्र आलं. परवानगीशिवाय प्रयोग केल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी आणि असं पुन्हा होणार नाही अशी हमी द्यावी, म्हणजे नूतनीकरणाचा विचार करता येईल. खाली चार ओळींची जागा मोकळी सोडली होती.

मी म्हटलं, चार ओळीच तर आहेत, मी मजकूर सांगते. तिने पेन घेतलं, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. पहिल्याच ओळीत लिहिलं: परवानगी न घेता प्रयोग केला. पुन्हा गरज पडली तर पुन्हा करीन. बाकीच्या तीन ओळींवर आडवी रेघ मारून तिने सही केली.

मग कागदाची घडी घालून ती माझ्यापुढे सरकवली. "पाकिटावर पत्ता तू लिही," म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं आहे."

मी पत्ता लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागी तिच्या नावाखाली माझंही नाव घातलं.