मिरचीवाल्याचा आवाज

"टाकी कुठंय? सरपंचसाहेब, नुसतं बोट दाखवा! टाकी कुठंय?"

ग्रामसभेत माझा मित्र ओरडत होता, आणि मारुतीच्या देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली. तुम्हांला खोटं वाटेल. वाटू द्या. हा गडी ताडकळसच्या बाजारात मिरच्या विकायचा. त्यानं "लवंगीऽऽ" अशी आरोळी ठोकली की गंगाखेडची एसटी जागेवर ब्रेक मारायची आणि पूर्णेच्या फलाटावर माणसं शिंकायची. असा आवाज गावात असल्यावर बाकीच्यांना घसा लागतो कशाला? आमच्याकडं रीतच पडली होती. रेशनचं धान्य असो की बंद पडलेला दिवा, ज्याला जे विचारायचं ते त्यानं याच्या कानात सांगायचं, आणि यानं ते सभेत ओरडायचं. टाकीचा प्रश्नही असाच घराघरातून त्याच्या कानात गेलेला.

पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं होतं, नारळ फुटला होता, फोटो निघाला होता. फक्त टाकी नव्हती. चार खांब होते, आणि वर आभाळ.

सरपंच म्हणाले, "अरं, हळू बोल की. आमी काय बहिरे हाव का?"

"न्हाई ना? मग सांगा की!"

सभा खदाखदा हसली. सरपंच तेवढे हसले नाहीत. कुणीतरी काढलेला व्हिडिओ तालुकाभर फिरला, आणि माझ्या मित्राला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. गावाची शांतता बिघडवतो, अशी तक्रार होती.

दिवसभर त्याला बाकड्यावर बसवलं. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही, उलट चहा पाजला. निघताना साहेबांनी सहज विचारलं, "पोरगी सेलूला शिकायलीय म्हणं तुझी. एकटीच जाती का बसनं?"

एवढंच. हे त्यानं मला पारावर सांगितलं, तेही इतक्या हळू, की मला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला. आजवर सारा गाव त्याच्या कानाशी लागायचा.

मी जन्मभर थापा मारत आलोय. आमच्या विहिरीत मगर हाय, असं सांगून मी पाहुण्यांना तहानलेलं परत पाठवलंय. मला कधी कुणी ठाण्यात बोलावलं नाही.

आता त्या खांबांपाशी भर दुपारी वारं सुटलं की "कुठंय, कुठंय" असं ऐकू येतं. ही मात्र थाप नाही. बाया हंडे घेऊन लांबून वळसा घालतात. ग्रामसभा अजूनही होते. विषय वाचतात, सगळे मान हलवतात, आणि मधेच कुणीतरी त्याच्या रिकाम्या जागेकडं बघतं. मग सगळेच बघतात.

परवा बाजारात गेलो. सगळीकडं कालवा, आणि त्याच्या पालापाशी विहिरीत उतरल्यासारखी शांतता. लाल मिरच्यांच्या ढिगात पुठ्ठ्याचा तुकडा खोवलेला. गिऱ्हाईक यायचं, पुठ्ठा बघायचं, मुकाट पिशवी पुढं करायचं.

मला राहवलं नाही. "गड्या, एकदा ओरड की. टाकीचं नको. नुसतं लवंगी म्हण. लय दिवस झाले."

त्यानं वाऱ्यानं कललेला पुठ्ठा सरळ केला.

"भाव लिहिलाय," तो म्हणाला.