दोन जिने
धायरीच्या आमच्या सोसायटीत राधा गायकवाड माझ्या समोरच्या दारात राहते. पालिकेच्या शाळेत तिने जन्मभर पोरांना दम भरला, पण गेल्या दिवाळीपासून ती स्वतःच घाबरून अर्धी झाली होती. तिचे यजमान रतनराव टेलिफोन खात्यातले जुने लाइनमन. तेव्हाच त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. घरी आणल्या दिवशीच मुलाने, वरदने, फर्मान काढलं : बाबा लिफ्टनेच जातील आणि हॉलमध्ये झोपतील, म्हणजे मला चाहूल लागेल. चाळीस वर्षं एका खोलीत झोपणारी दोघं एका वाक्यात वेगळी झाली. त्यांना विचारावं, हे पोराच्या गावीही नव्हतं.

राधाला आधी बरंच वाटलं, असं तिनेच मला सांगितलं. रतनरावांनी नुसता हात धरला तरी तिच्या मनात यायचं, आपल्या कुशीत या माणसाला काही झालं तर? मुलाला कुठल्या तोंडाने सांगायचं? ती हात सोडवून घ्यायची. मग ते जवळ येईनासेच झाले, आणि तिला त्याचीही भीती वाटायला लागली.

तपासणीच्या दिवशी वरद औषधं आणायला गेला, तेवढ्यात तिने डॉक्टरबाईंना विचारलंच. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "धाप न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढले, की नवरा-बायकोने जवळ यायला काही हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, वरद ऑफिसला गेलेला असताना, दोघं मला जिन्यात दिसली.

"लिफ्ट बंद आहे का हो?" मी विचारलं.

"चालू आहे," राधा म्हणाली. चेहरा पांढराफटक. मी खाली उतरले.

पुढचं तिने सांगितलेलं. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर रतनराव थांबले. हिने कठडा घट्ट धरला.

"दुखतंय का हो? बसा खाली. वरदला फोन लावते."

"अगं, तुझ्यासाठी थांबलोय. धाप तुला लागलीये. आयुष्यभर खांबांवर चढलो, तेव्हा नाही घाबरलीस ती!"

घरात शिरून तिने दार लावलं, कडीही घातली. तरी भरवसा वाटेना. तिने त्यांच्या छातीला कान लावला. ठोके जरा घाईचे होते, पण नीट पडत होते.

"झालं का ऐकून?" त्यांनी विचारलं.

"थांबा हो," ती म्हणाली, आणि कान तिथेच राहू दिला.