अप्पांनी जपून ठेवलेली पावडर

माझ्या माहेरी, देवणीजवळच्या गावात, बाळंतिणीपेक्षा गाईचा मान मोठा. मी पहिल्या बाळंतपणाला नांदेडहून आले, तर माझ्याआधी गाय व्यालेली. पांढरीशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, अस्सल देवणी. माझे वडील, म्हणजे अप्पा, येईल त्याला आधी गोऱ्हा दाखवायचे आणि मग, आठवलं तर, माझी लेक. "दुदाची फिकीर न्हाई आता," म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ साय धरलेल्या दुधाचा पितळी पेला माझ्यापुढं यायचा. बाळंतिणीला भूक असते, मत नसतं, असा आमच्याकडं समज आहे. मी निमूट प्यायचे.

एका सकाळी लेकीला कोवळ्या उन्हात घेऊन अंगणात बसले होते. समोर गोठ्यात अप्पा गाईच्या अंगाला काहीतरी चोळत होते. कासेजवळ, मानेखाली, कानामागं, अगदी मायेनं, माझी आई, अव्वा, माझ्या लेकीला तेल लावते तसं. वारा इकडं वळला आणि तो वास आला. कुबट, नाकात ठाण मांडून बसणारा. मी तो लगेच ओळखला.

तो वास म्हणजे आमच्या घरचं अत्तर. बीएचसी, किडे मारायची पावडर. ज्वारीच्या कणगीत तीच, खाटेच्या ढेकणांना तीच आणि रविवारी आमच्या डोक्यातल्या उवांनाही तीच. अव्वा केसांत पावडर चोळून वरून फडकं गच्च बांधायची आणि म्हणायची, "डोळे मिट गं, झोंबल." उवा मेल्या, आम्ही मेलो नाही. पावडर निर्धोक असल्याचा याहून पक्का पुरावा अप्पांना आजही लागत नाही.

"अप्पा, ही कुठून काढली? ही तर कधीचीच बंद झाली की!"

"बंद झाली म्हणूनच तं हाय," अप्पा खुशीत म्हणाले. "बंद व्हणार म्हणून कानावर आलं, तवाच डबा भरून ठिवला. लोकं येडी. आताच्या दवा म्हंजी निस्तं पाणी, गोचीड पुन्ना हजर. हिचा असर बग. एवढी वर्सं झाली, पर हाय तशी हाय."

धन्य! ज्या दुर्गुणापायी हिच्यावर बंदी आली, तोच अप्पा गुण म्हणून सांगत होते. मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्यांच्या पोरांना समजावता येतं, तर बापाला का नाही, असं म्हणून मी तिथंच तास घेतला. "अप्पा, ही नासत नाही हेच तर वाईट. मातीत टाकली तर वर्षानुवर्षं तिथंच. पाण्यात विरघळत नाही, चरबीत जाऊन बसते. गाईच्या कातड्यातून आत जाते, गाय अंग चाटते तशी पोटात जाते, आणि दुधातून बाहेर येते. मेंदूवर, मज्जातंतूंवर परिणाम होतो. ते दूध मी पिते. आणि माझं दूध ही लेक पिते." लेकीचं इवलंसं तोंड पदराखाली होतं, आणि आपण त्या तोंडात काय घालतोय या विचारानं मी तिला क्षणभर बाजूलाच केलं.

"तुला बी असल्याच गाईचं पाजलंय," अप्पा म्हणाले. "मास्तरीण झालीस की."

मी उदगीरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अंगावर पाजणं अजिबात थांबवू नका, ते सोडलं तर उलट नुकसान; गाईचं ते दूध मात्र बंद करा. मी पेला बाजूला सारला आणि पाकिटाचं दूध मागवलं. झालं! घरात सुतक पडलं. दावणीला देवणी गाय असताना लेक पाकीट फोडते म्हणजे अप्पांचं नाकच कापलं गेलं. शेजारणी बघायला यायच्या, बाळाला नाही, पाकिटाला. अव्वा बिचारी ते पदराखाली लपवून आणायची, जणू दारूची बाटलीच आणतेय. अप्पा माझ्याशी बोलेनात. गाईशी बोलायचे, मला ऐकू जाईल अशा बेतानं: "तुज्या दुदात इख हाय म्हणं, माय. शिकलेली माणसं म्हणून राहिलीत."

पावडर चोळणं चालूच होतं. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. डोळ्यांत पाणी आणि तोंडात राग, असं एकदमच आलं. "आमचं जाऊ द्या. निदान गोऱ्ह्याला तरी ते दूध पाजू नका. त्याचे पाय लटपटले तर जनावरांच्या प्रदर्शनात काय दाखवाल?"

अप्पांचा हात गाईच्या पाठीवरच थांबला. "गोऱ्ह्याला बी?" ते म्हणाले. "मग आदी का न्हाई सांगितलीस?"

लेकीचं सांगून झालं, नातीचं सांगून झालं, गोऱ्ह्याचं नाव निघाल्यावर विज्ञान पटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हायसंही वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच अप्पा डबा खांद्यावर घेऊन बाहेर पडले. मी लेकीचे पटापटा मुके घेतले आणि मनातल्या मनात अप्पांना माफ करून टाकलं.

उन्हं वर आल्यावर ते रिकाम्या हातानं परतले. हातपाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं. "आता घरात इखाचा कण न्हाई बग, माय."

"कुठं टाकली?"

"टाकतो कशाला? चांगली चीज. हिरीच्या काठाला मुंग्या लई झाल्त्या. चारी बाजूनी पसरून आलो."

आमच्या घरात त्याच विहिरीचं पाणी येतं. प्यायला तेच, चुलीवर तेच. "अप्पा! विहिरीवर?" मी किंचाळले. लेक दचकून रडायला लागली.

अप्पांनी तिला थोपटलं आणि माझ्याकडं समजूतदारपणे पाहिलं. "तूच तं म्हणलीस की. पाण्यात इरघळत न्हाई."

न्हाणीत अव्वा बाळाच्या अंघोळीचं पाणी विसणत होती. "आण गं बाई तिला," तिनं हाक मारली, "पाणी निवून चाललंय."