पाचाच्या घरातला एक पंचमांश

घाटकोपरच्या कॉलेजात आम्हाला एकच कॉम्प्युटर होता. त्यावर माझी एक वर्गमैत्रीण एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बीजगणित सोडवणारा प्रोग्रॅम लिहीत होती. मी हौशी मदतनीस. ती पास झाली की मालाडच्या कॉलेजात शिकवायची नोकरी ठरलेली.

अडचण अशी, की आकडे वेगवेगळ्या घरचे. एका घरात पूर्णांक, एकात अपूर्णांक, एकात पाच झाले की पुन्हा शून्य. तिथे सात म्हणजे दोनच. दोन घरचे आकडे बेरजेला आले, की प्रोग्रॅमने आपणहून एकाला दुसऱ्याच्या घरी न्यायचं, ही अक्कल माझी. पाचाच्या घरात अर्धा म्हणजे तीन, कारण तिनाची दुप्पट सहा आणि तिथे सहा म्हणजे एक. झकास चालायचं.

"न विचारता कुणाला कुठे नेऊ नकोस रे," ती म्हणायची. ती खारदांड्याची, आई मासळी विकायची. "बोंबील गुपचूप पापलेटांत ढकललेस तर आई हात तोडेल तुझे."

"विचारत बसायचं तर मशीन कशाला?"

तिने तरी एक तपासणी घातलीच: न्यायला जमत नसेल तर प्रोग्रॅम 'जमत नाही' म्हणून थांबे. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती तपासणी मी उडवली. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच लिहितोय. परीक्षकांसमोर नकार बरा दिसत नाही, एवढंच कारण.

परीक्षकांनी नेमका एक पंचमांश पाचाच्या घरात धाडला. तिथे पाच म्हणजे शून्य. शून्याला कशाने गुणलं की एक येतो, हे मशीन शोधायला लागलं.

"काय करतंय?"

"विचार, सर," मी म्हणालो.

ते आदराने थांबले. चहा आला, बिस्किटं संपली, मशीन विचारातच. दुसऱ्या चहाला आदरही संपला.

"माझंच काहीतरी चुकलं असेल, सर," ती म्हणाली. मी बशीकडे बघत राहिलो.

तिला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. मालाडची नोकरी गेली. प्रोग्रॅम उघडल्यावर तपासणी गायब दिसली, तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "जुनी फ्लॉपी लावली वाटतं मी."

"असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर माझे आभार होते, चांगल्या चार ओळी. तिने ते पान माझ्यापुढे धरलं.

"कसं वाटतंय?"

"टायपिंग सुरेख आहे," मी म्हणालो.