दोरी बांधलेला दगड

सांता क्लाराहून बस निघाली आणि पहिल्या सिग्नललाच तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मागच्या सीटवरून फिरत फिरत पुढे आला. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांसाठी इथल्या मराठी मंडळाने ही सहल काढली होती. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि आम्ही म्हातारे दिवसभर खिडकीतून कोणी माणूस दिसतो का ते बघणारे. त्यापेक्षा डोंगरातली जपानी बाग दाखवून आणू, असं अनघाने ठरवलं. अनघा म्हणजे मंडळाची कार्यकर्ती. आमच्यासाठी तिने चक्क एका दिवसाची सुट्टी टाकली होती.

मी नागपूरची. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे खिडकीजवळची जागा मी कुणाला देत नाही. शेजारी साताऱ्याच्या शिंदे वहिनी बसल्या होत्या. बाहेर वाळल्या गवताचे पिवळे डोंगर सरकत होते. वहिनी बोलत होत्या, मी हुंकार देत होते, पण माझं लक्ष नव्हतं. परतीचं विमान चार दिवसांवर आलं होतं आणि निखिलला, माझ्या मुलाला, एक गोष्ट विचारायची राहिली होती.

तू परत केव्हा येणार? एवढंच. अमेरिकेला निघताना तो म्हणाला होता, दोन-चार वर्षं काढतो आणि येतोच. त्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. ह्यांनी मात्र ते वाक्य धरून ठेवलंय. वरची खोली दर दिवाळीला रंगवतात. गुडघ्यांमुळे ह्यांना येता आलं नाही, पण रोज फोनवर पहिला प्रश्न, विचारलंस का? आणि मी रोज सांगायची, आज विचारते. भर वर्गाला दरडावणारी मी, पण स्वतःच्या पोरापुढे माझी दातखीळ बसते. विषय जरा त्या बाजूला वळला की तो उठतो. "आई, चहा टाकू?" चहा इतका छान करतो की नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

बागेचं दार लाकडी आणि ठेंगणं. वाकूनच आत जावं लागतं. दारापाशी केइको उभी होती. बाग दाखवणारी, साधारण माझ्याच वयाची, डोक्यावर गवती टोपी. बाहेर सगळा डोंगर वाळलेला आणि आत गर्द सावली, शेवाळ, तळं, बांबूचे टेकू दिलेले म्हातारे पाइन. वाटेवरचे दगड मुद्दाम वेडेवाकडे बसवलेले असतात, असं तिने इंग्रजीत सावकाश सांगितलं. म्हणजे माणूस खाली बघत चालतो. मग एक मोठा सपाट दगड येतो, तिथे थांबून मान वर केली की समोर तळं. बाप्पा! असा भूगोल मला शिकवता आला असता तर एकही पोरगं मागच्या बाकावर झोपलं नसतं.

पुढे वाटेला फाटा फुटला. केइको आमच्यातल्या एका थकलेल्या काकांसाठी मागे थांबली होती, म्हणून आम्ही चार-पाच जणी पुढे निघालो. एका फाट्याच्या तोंडाशी, झाडाखाली, नारळाएवढा गुळगुळीत दगड होता. त्याला काळी दोरी चारी बाजूंनी बांधलेली, वर घट्ट गाठ. शिंदे वहिनींनी ताबडतोब चपला काढल्या. जागृत स्थान दिसतंय, म्हणाल्या. आता झाडाखाली दगड, त्याला दोरा बांधलेला, यावर आपल्यासारख्यांनी दुसरं काय समजायचं? वहिनींनी खाली गळलेलं गुलाबी फूल त्यावर वाहिलं, मी हात जोडले, आणि त्याला उजवी घालून आम्ही सगळ्या अनवाणी पुढे गेलो. थेट एका चहाघराच्या अंगणात. आत किमोनोतली एक बाई दोन पाहुण्यांसमोर मान खाली घालून चहा घुसळत होती. इतकी शांतता की वहिनींच्या हातातल्या डब्याचं झाकण वाजलं तेही ऐकू आलं.

केइको लगबगीने आली. रागावली नाही, उलट वाकून आम्हालाच नमस्कार केला आणि दगडापाशी परत आणलं. हा देव नाही, म्हणाली. हा सेकिमोरी इशी, म्हणजे वाट राखणारा दगड. आज या वाटेने येऊ नका, एवढंच तो सांगतो.

"पण हा तर कुणीही ओलांडून जाईल," मी म्हटलं.

"हो, सहज," ती म्हणाली. "ज्याला कळतं, तो मागे वळतो."

फूल मात्र तिने दगडावर तसंच राहू दिलं.

जेवणाच्या वेळी ती माझ्या बाकावर येऊन बसली. मी तिला पुरी दिली, तिने दुसरी मागून घेतली. लग्न होऊन इकडे आलेली, माहेर क्योतोच्या बाजूचं. बोलता बोलता मी निखिलसाठी गिळून ठेवलेला प्रश्न तिलाच विचारून बसले.

"परत जावंसं वाटलं नाही कधी?"

तिने रुमालाला बोटं पुसली. तळ्याकडे बघत राहिली.

"मासे बघायला जाऊ या का?" ती म्हणाली. "या वेळेला ते वर येतात."

हा सूर माझ्या ओळखीचा होता. आई, चहा टाकू? सहा महिने माझा मुलगा माझ्या वाटेत अगदी अदबीने दगड ठेवत होता, आणि मी येडी त्याला देव समजून हात जोडत होते. तळ्याकाठी उभी राहून मी रडले. एवढी देखणी बाग समोर, आणि मला आमच्या अंगणातलं वाकडं सीताफळाचं झाड हवं होतं. त्याखाली निखिल हवा होता. केइको शेजारी उभी राहिली. मासे खरंच वर आले.

संध्याकाळी बस थांबली तिथे निखिल गाडी घेऊन आला होता. कशी झाली ट्रिप, त्याने विचारलं. गाडीत मी सगळं सांगितलं, फजितीसकट. तो खूप हसला. दगडाचा अर्थ सांगितला तेव्हा मात्र हसायचा थांबला. सिग्नल हिरवा झाला, त्याने गाडी पुढे काढली.

"आई," तो म्हणाला, "घरी गेल्यावर चहा टाकू?"

"टाक," मी म्हटलं. "आलं जरा जास्त घाल."

नागपूरला पोचले तर घरात ताज्या रंगाचा वास. वरची खोली. ह्यांनी विमानतळावर काही विचारलं नाही, रिक्षातही नाही. बॅगा आत ठेवल्या, दार लावलं आणि मग विचारलं, "विचारलंस का?"

"बसा," मी म्हटलं. "चहा टाकते."

ते माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आले आणि आलं किसायला बसले.